खालच्या चार तारा: जॅझ आणि प्रोग रॉकमधले बेसवादक

मंद्रसप्तक (धागाकर्ता)

मागे इथे गिटारवादकांवरचा धागा भरपूर धावला. त्यात बेसचा उल्लेख आला तो 'मागे काहीतरी धुमधुम चालू असतं ते' एवढाच. तेव्हाच ठरवलं की वेगळा धागा काढायचा, जॅझ आणि प्रोग रॉकमधल्या (प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे लांबलचक, गुंतागुंतीच्या रचनांचा रॉक) बेसवादकांवर.

आधी माझं म्हणणं मांडतो, मग भांडू. बेसवाल्याकडे पिढ्यान्पिढ्या दोन कामं असतात: लय धरून ठेवायची आणि कॉर्डचा (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुळणीचा) मूळ सूर खालून दाखवत राहायचा. नीट केली तर कोणाच्या लक्षात येत नाहीत, चुकली तर अख्खा बँड घसरतो. माझ्या लेखी मोठा बेसवादक तो, जो ही नोकरी सांभाळून समोरच्याशी बोलतोही. सोलो काय, कोणीही वाजवेल.

सुरुवात जिमी ब्लँटनपासून करायला हवी. १९३९ साली ड्यूक एलिंग्टनच्या बँडमध्ये आला तेव्हा वय जेमतेम २१. तोवर बँडमधला डबल बेस (व्हायोलिनच्या घराण्यातलं ते माणसाएवढं उभं वाद्य) बहुतेक वेळ ठोके मोजायचा. एलिंग्टनने ह्या पोराला सोबत घेऊन नुसत्या पियानो-बेसच्या जोडीची ध्वनिमुद्रणं केली, म्हणजे लपायला जागाच नाही. १९४२ मध्ये क्षयाने गेला, २३ वर्षांचा असताना. त्याच्यानंतरचा प्रत्येकजण त्याचा देणेकरी आहे. ऑस्कर पेटिफर्ड आणि रे ब्राऊन तर उघडच.

मग चार्ल्स मिंगस. हा स्वतः रचनाकार आणि बँडचा मालक, त्यामुळे बेसवाला मागे उभा राहायचा प्रश्नच मिटला. १९५९ च्या 'मिंगस आह उम'मध्ये एकीकडे लेस्टर यंगसाठी लिहिलेली शोकरचना आहे आणि दुसरीकडे आर्कान्सॉच्या वर्णद्वेष्ट्या गव्हर्नरची रेवडी उडवणारी 'फेबल्स ऑफ फॉबस'. कोलंबिया कंपनीने त्या गाण्याचे शब्द घेऊ दिले नाहीत. पुढच्या वर्षी मिंगसने ते दुसऱ्या कंपनीकडून शब्दांसकट काढलं. स्वभाव असा की एलिंग्टनच्या बँडमधूनही मारामारीपायी नारळ मिळाला होता, आणि तरी १९६२ मध्ये त्याच एलिंग्टनबरोबर 'मनी जंगल' केलं.

पण मला ज्याच्याबद्दल बोलायचंय तो स्कॉट लाफारो. रविवार, २५ जून १९६१. न्यूयॉर्कचं व्हिलेज व्हॅनगार्ड, तळघरातला छोटासा क्लब. पियानोवर बिल एव्हान्स, ड्रम्सवर पॉल मोशन, बेसवर २५ वर्षांचा लाफारो. दुपारी दोन आणि रात्री तीन अशी पाच सत्रं त्या दिवशी ध्वनिमुद्रित झाली. पाठीमागे ग्लासांची किणकिण आणि गिऱ्हाइकांच्या गप्पा स्वच्छ ऐकू येतात. आपल्यासमोर काय चाललंय ह्याचा बऱ्याच जणांना पत्ता नव्हता हे उघड आहे. ११ दिवसांनी, ६ जुलैला, न्यूयॉर्क राज्यातल्या जिनिव्हा गावाजवळ मोटार अपघातात लाफारो गेला. एव्हान्स पुढचे काही महिने पियानोला शिवला नाही.

त्याने बेस हातात घेतला तोच अठराव्या वर्षी, आधी क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन वाजवायचा. म्हणूनच की काय, त्याची ओळ फुंकून वाजवल्यासारखी श्वास घेत जाते. उजव्या हाताची दोन बोटं आळीपाळीने चालवून तो त्या अजस्र वाद्यातून गिटारचा वेग काढायचा. 'ग्लोरियाज स्टेप' ही त्याचीच रचना. हेडफोन लावून ऐका. एव्हान्स ओळ अर्धी सोडतो, लाफारो वरच्या पट्टीत ती उचलतो, मध्येच खाली उडी मारून मूळ सूर दाखवतो, पुन्हा वर जातो. मोशन ठेका देण्याऐवजी नुसता शिंपडतो. सम कुठे आहे हे तिघांनाही पक्कं ठाऊक आहे आणि तिघांपैकी कोणीही तिच्याकडे बोट दाखवत नाही.

रॉकमध्ये हे व्हायला आणखी दहाएक वर्षं लागली. लिओ फेंडरने पडदेवाला इलेक्ट्रिक बेस १९५१ मध्येच बाजारात आणला होता, पण बहुतेकांनी त्यावर जुनीच नोकरी चालू ठेवली. (मोटाउनचा जेम्स जेमर्सन आणि 'द हू'चा जॉन एन्टविसल हे मोठे अपवाद. विषयात बसत नाहीत, पण नाव न घेणं पाप.) मग 'येस' ह्या ब्रिटिश प्रोग बँडचा ख्रिस स्क्वायर आला. त्याच्यावर मी लिहीत नाही, कारण इथे एकजण आहे जो मला लिहू देणार नाही.

या, सुरू करा.

डावखुरा

धागा झकास, पण मूळ मुद्दाच मान्य नाही. 'नोकरी सांभाळून आणखी काहीतरी केलं तर मोठा' म्हणजे नोकरी करणारे किरकोळ? ती नोकरी हीच कला आहे हो.

चालता बेस म्हणजे काय ते नीट बघा. चार मात्रांच्या मापात चार सूर. पहिला बहुधा कॉर्डचा मूळ सूर. चौथा सूर पुढच्या कॉर्डच्या अर्धा स्वर वर किंवा खाली ठेवला की पुढचं माप यायच्या आतच ऐकणाऱ्याचा कान तिकडे वळलेला असतो. मधल्या दोन सुरांत वादकाची सही. कोणी सरळ शिडी चढतो, कोणी उडी मारतो, कोणी मुद्दाम एकच सूर दोनदा ठेवतो. आणि हे मिनिटाला दोनशे ठोक्यांच्या लयीत, दहा-दहा मिनिटं, एकदाही तीच ओळ पुन्हा न वाजवता. बोला.

पॉल चेंबर्सला तुम्ही विसरलात कसे? ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसच्या १९५९ च्या 'काइंड ऑफ ब्लू'मधलं पहिलंच 'सो व्हॉट' घ्या. तिथे मुखडा बेस वाजवतो आणि ट्रम्पेट-सॅक्सोफोनची मंडळी त्याला दोन सुरांत हुंकार देतात. नेहमीची उतरंड उलटी केली, आवाज न वाढवता. तोही ३३ व्या वर्षी गेला, तोही क्षयाने. ह्या वाद्याला काय शाप आहे कोण जाणे.

आणि रॉन कार्टर! १९६३ ते ६८ माइल्सच्या बँडमध्ये. ड्रम्सवर टोनी विल्यम्स, जो आला तेव्हा १७ वर्षांचा होता आणि लयीची रोज नवी मोडतोड करायचा. पियानोवर हर्बी हॅनकॉक कॉर्ड अर्धवट सोडून द्यायचा. अशा घरात कर्ता माणूस कार्टर. तो एखादा सूर केसभर उशिरा ठेवतो आणि सगळ्यांची दिशा बदलते. दोन हजारांहून जास्त ध्वनिमुद्रणं करणारा जॅझ बेसवादक म्हणून गिनीज बुकात नोंद आहे त्याची. लोक उगाच बोलावत नाहीत.

नारळीपाक

वाचतेय. एक व्यावहारिक सूचना: ह्यातलं काहीही मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. बेसची सगळ्यात खालची तार साधारण ४१ हर्ट्झला बोलते आणि मोबाइलचा स्पीकर तिथवर पोचतच नाही. जे ऐकू येतं ते वरचे उपस्वर, खालचा सूर मेंदू अंदाजाने भरून काढतो. वायरवाला साधा हेडफोनसुद्धा चालेल. आमच्या घरी 'तुझ्या ह्या गाण्यात बेस आहेच कुठे' हा वाद हेडफोन बदलल्यावर मिटला.

चौथी_तार

मंद्रसप्तकांनी इशारा माझ्याकडेच केलाय, तर हजर आहे. :)

स्क्वायर लहानपणी लंडनमधल्या चर्चच्या गायकवृंदात गायचा. मला वाटतं त्याच्या बेसची किल्ली तिथे आहे. चार आवाजांच्या समूहगानात खालचा आवाजही स्वतंत्र चाल घेऊन येतो, नुसता पाया भरत नाही. 'राउंडअबाउट'मध्ये (१९७१, 'फ्रॅजाइल') तो जे करतो ते तेच. गाणारा एक चाल गातोय, खाली बेस वेगळीच चाल वाजवतोय, आणि दोन्ही गुणगुणता येतात. रॉकमध्ये किती बेसच्या ओळी गुणगुणता येतात सांगा.

आवाजाची गंमत अशी. वाद्य रिकनबॅकर. त्याला दोन पिकअप (तारांची थरथर विजेत पकडणारे भाग). स्क्वायरने दोन्हींचे आवाज वेगळे काढून दोन वेगवेगळ्या अँपमध्ये घातले. एकीकडून गोल, स्वच्छ खर्ज आणि दुसरीकडून करकरीत, तापवलेला वरचा आवाज. त्यात तारा नव्याकोऱ्या, खडबडीत गुंडाळीच्या. वाजवायचा प्लेक्ट्रमने (तार छेडायच्या चिपेने), पण प्लेक्ट्रम इतका आखूड धरायचा की तारेला अंगठ्याची कडही घासून जाते, म्हणून प्रत्येक सुराला सुरुवातीला एक टणत्कार येतो. 'हार्ट ऑफ द सनराइज'ची सुरुवात ऐका, ट्रॅक्टर आणि सतार एकाच वेळी चालू केल्यासारखं वाटतं. त्याच अल्बमवर 'द फिश' आहे. सात मात्रांत एकावर एक चढवलेले बेस, बाकी फारसं काही नाही, आणि कंटाळा येत नाही.

१९६८ पासून २०१५ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने जाईपर्यंत 'येस'च्या एकूण एक स्टुडिओ अल्बमवर असलेला तो एकमेव माणूस. गायक बदलले, कीबोर्डवाले तर एसटीच्या कंडक्टरसारखे बदलले. बेस तोच.

अर्धी_मात्रा

छान लिहिलंय, पण प्रोगवाल्यांनी एक सांगावं. हे सगळं आधी लिहून, पाठ करून वाजवलेलं. जॅझचा बेसवाला रोज नव्याने जोखीम घेतो. लाफारो आणि स्क्वायर एका रांगेत बसवणं म्हणजे मैफल आणि ध्वनिफीत एका मापाने मोजणं. आणि ह्या सात-नऊ-तेरा मात्रांचं कौतुक आपल्याला कशाला? आपल्याकडे सात मात्रांचा रूपक ताल पोरंसोरं वाजवतात.

चौथी_तार

@अर्धी_मात्रा, पिंक फ्लॉइडचं 'मनी' रूपकात मोजून बघा बरं. सात मात्रा खऱ्या, पण रूपकात समेवरच 'खाली', म्हणजे बिनटाळीची मात्रा असते. रॉजर वॉटर्सचा बेस पहिल्या मात्रेवर धाडकन पाय ठेवतो. आकडा तोच, चाल वेगळी. शिवाय गिटारचा सोलो आला की गाणं गुपचूप चार मात्रांवर येतं, म्हणजे त्यांनाही सातात सोलो जड गेला असणार. :)

लिहून-पाठ करून म्हणाल तर किंग क्रिमसन हा प्रोग बँड ऐका. १९७२ ते ७४ ह्या काळात बेसवर जॉन वेटन, ड्रम्सवर बिल ब्रुफर्ड. 'स्टारलेस अँड बायबल ब्लॅक' (१९७४) हा अल्बम बराचसा मैफलींतल्या ध्वनिमुद्रणांतून केलाय, ॲमस्टरडॅमच्या कॉन्सर्टखेबाऊमधली १९७३ ची मैफल त्यात मुख्य. त्यातले कित्येक तुकडे रंगमंचावर तिथल्या तिथे सुचलेले. टाळ्यांचे आवाज कापून टाकले म्हणून लोकांना ते स्टुडिओतलं वाटतं.

आणि पाठ केलेलं ऐकायचं तर त्याच वर्षीच्या 'रेड'मधलं 'स्टारलेस'. गाणं संपल्यासारखं होतं आणि बेस १३ मात्रांचं एक जड आवर्तन सुरू करतो. वर रॉबर्ट फ्रिपची गिटार एकच सूर टोचत राहते, काही वेळाने थोडी वर सरकते, परत टोचते. चार-साडेचार मिनिटं हाच प्रकार. वेटन आवर्तन सोडत नाही, पण दर फेरीला आवाजाची धार थोडी वाढवतो. ते अखेर फुटतं तेव्हा खुर्चीतून उठायला होतं. हे पाठ असलं म्हणून काय बिघडलं? बंदिशही पाठच असते.

डावखुरा

'बंदिशही पाठच असते' ह्याला +१. इथे मी चौथी_तारच्या बाजूला.

ऑस्टिनकर

इतकं बोलून जॅको पास्टोरियसचं नाव अजून नाही? धागाच रद्द करा.

जन्म १९५१, वाढला फ्लोरिडात. १९६२ सालचा फेंडर जॅझ बेस घेतला, त्याचे पडदे उपटले, खाचा लाकडाच्या पुट्टीने भरल्या आणि वर होडीला लावतात तो इपॉक्सीचा थर दिला. का? तर पडदे नसलेल्या लाकडावर खडबडीत तारा घासून पट्टी झिजते, आणि त्याला तर त्याच तारांचा झणझणीत आवाज हवा होता. हा होडीचा लेप म्हणजे त्याच्या आवाजाचं अर्धं गुपित. उरलेलं अर्धं डाव्या हाताचं बोट. पडदा नसला की सूर मींडेने नेता येतो, कंप देता येतो, आणि बेसूरही तितक्याच सहज होता येतं. जॅको व्हायचा नाही.

१९७६ चा पहिला अल्बम उघडतो 'डॉना ली'ने. चार्ली पार्करच्या काळातली, सॅक्सोफोनवाल्यांची कसोटी बघणारी धून. तो ती बेसवर वाजवतो, साथीला फक्त डॉन अलायसचे काँगा. कॉर्ड द्यायला कोणीही नाही आणि तरी प्रत्येक कॉर्ड ऐकू येते. त्याच अल्बमवर 'पोर्ट्रेट ऑफ ट्रेसी' जवळजवळ सगळं हार्मोनिक्सवर, म्हणजे तार दाबायची नाही, नेमक्या बिंदूवर नुसती शिवायची.

एक किस्सा पैजेसाठी उपयोगी. जॅको ज्यात वाजवायचा त्या 'वेदर रिपोर्ट' बँडचं 'बर्डलँड' (१९७७) सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्या सुरुवातीची खर्जातली ओळ जॅकोची नाही, ती जो झाविनुल सिंथेसायझरवर वाजवतो. जॅको त्यावर येतो ते उंच, गिटारसारख्या सुरांत, कृत्रिम हार्मोनिक्स काढून. म्हणजे बेस वाटतो तो बेस नाही आणि गिटार वाटते तो बेस आहे. आणि त्याच अल्बमच्या 'टीन टाउन'मध्ये ड्रम्सही त्यानेच वाजवलेत.

शेवट वाईट. मानसिक आजार, दारू, रस्त्यावरचे दिवस. १९८७ मध्ये फ्लोरिडातल्या एका क्लबच्या दाराशी जबर मारहाण झाली आणि त्यातच गेला, ३५ वर्षांचा.

मंद्रसप्तक (धागाकर्ता)

ऑस्टिनकर, जॅको मोठाच, पण त्याच्या नकलाकारांनी ऐंशीचं दशक नासवलं हेही लिहा. जो तो पडदे उपटून म्याँव म्याँव करत सुटला. मला जॅको सगळ्यात जास्त आवडतो तो जोनी मिचेलच्या 'हेजिरा'मध्ये (१९७६). चारच गाण्यांवर आहे. तिथे दाखवायचं काही नाही. ती गाते, तो तिच्या ओळींच्या मधल्या जागेत उत्तर देतो आणि बाजूला होतो. माझा मूळ मुद्दा हाच.

डावखुऱ्यांनी चेंबर्सवर लिहिलं ते सगळं मान्य, आणि चालत्या बेसबद्दलचंही. पण 'सो व्हॉट'चं उदाहरण तुम्ही माझ्याच बाजूने दिलंत. तिथे बेस विचारतो आणि बाकीचे उत्तर देतात.

म्हापशेकर

आमच्याकडचं काही येऊ द्या की. १९३०-४० च्या दशकांत मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात टेडी वेदरफर्डसारखे काळे अमेरिकन वादक येऊन वाजवायचे आणि त्यांच्याबरोबर वाजवत आमचे गोंयकार जॅझ शिकले. चर्चच्या शाळेत स्वरलिपी वाचायला शिकलेली पोरं, कागद समोर ठेवला की वाजवायची. चिक चॉकलेट, म्हणजे आंतोनियो झेवियर वाझ, हे त्यातलं गाजलेलं नाव, पण तो ट्रम्पेटवाला. सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'तला तो सगळा झोत त्याच घरचा. बेसवाल्यांची नावं मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत. पंचमदांच्या ताफ्यातला बेस गिटारवाला टोनी वाझ हे नाव तरी आजकाल लोकांना माहीत झालंय. त्या गाण्यांतला बेस एकदा वेगळा काढून ऐका, अर्धं गाणं तिथे चाललेलं असतं.

अलीकडचं म्हणाल तर मोहिनी डे. बंगाली घरातली, पण वाढली मुंबईत, वडील सुजॉय डे स्वतः बेसवादक. ड्रमवादक रणजित बारोटबरोबर वाजवायला लागली तेव्हा शाळकरी वयाची होती. कोन्नाकोल (कर्नाटक संगीतातले तालाचे बोल) तोंडाने म्हणत तेच बोल बेसवर काढते, आणि अंगठ्याने तार ठोकायची तिची पद्धत बघताना डोळ्याला हात दिसत नाही. काही ठिकाणी मला ते जरा जास्त होतं, पण वेग ताब्यात आहे ह्यात वाद नाही.

नारळीपाक

बायकांचा विषय निघालाच आहे तर एस्पेरान्झा स्पॉल्डिंग. डबल बेस वाजवते आणि त्याच वेळी गाते, बऱ्याचदा दोन्हीकडे वेगळी लय. २०११ चं सर्वोत्तम नवोदित कलाकाराचं ग्रॅमी तिला मिळालं, जस्टिन बीबर रांगेत असताना. त्याच्या चाहत्यांनी इंटरनेटवर थयथयाट केला होता.

आणि झाकीरभाईंना विसरू नका. डेव्ह हॉलंड, ज्याला माइल्सने १९६८ मध्ये लंडनच्या रॉनी स्कॉट्स क्लबात ऐकून उचललं आणि जो 'बिचेस ब्रू'वर आहे, त्याच्याबरोबर आणि सॅक्सोफोनवाल्या ख्रिस पॉटरबरोबर झाकीरभाईंनी 'गुड होप' (२०१९) केला. डग्गा आणि डबल बेस दोघांची वस्ती खालच्याच पट्टीत, तरी एकमेकांच्या पायावर पाय पडत नाही. शिवाय एडगर मायर, बेला फ्लेक आणि राकेश चौरसियांबरोबरचा 'ॲज वी स्पीक'. तिथे मायर डबल बेस गजाने वाजवतो आणि बासरीच्या शेजारी तो खरोखर गातो.

अर्धी_मात्रा

मिंगसच्या अस्थी गंगेत सोडल्या होत्या असं कुठेतरी वाचलंय. खरं का?

मंद्रसप्तक (धागाकर्ता)

खरं आहे. स्नायू निकामी करणाऱ्या आजाराने तो जानेवारी १९७९ मध्ये मेक्सिकोत गेला, वय ५६. त्याच्या इच्छेप्रमाणे बायको स्यू अस्थी घेऊन भारतात आली आणि गंगेत विसर्जन केलं. शेवटच्या दिवसांत बोटं हलत नव्हती तेव्हा चाली तोंडाने गाऊन ध्वनिमुद्रित करायचा.

ऑस्टिनकर

टोनी लेविनबद्दल दोन ओळी, मग झोपतो. क्रिमसनच्या 'डिसिप्लिन'मध्ये (१९८१) चॅपमन स्टिक वाजवतो. दोन्ही हातांची बोटं तारांवर आपटून वाजवायचं दहा तारांचं वाद्य. पीटर गेब्रिएलच्या 'बिग टाइम'मध्ये डावा हात लेविनचा आणि तारांवर ड्रमच्या काठ्या मारणारा जेरी मरोटा. ते इतकं आवडलं की पुढे लेविनने बोटांना बांधायच्या छोट्या काठ्याच करून घेतल्या.

सदाफुली

तुमच्या चर्चेतलं निम्मं डोक्यावरून गेलं, पण माझा मुलगा दहावीत आहे आणि त्याला बेस गिटारच हवी म्हणतो. कोणती घ्यावी? आणि आमची भिंत शेजाऱ्यांना लागून आहे.

डावखुरा

सदाफुली ताई, चार तारांची, पडदेवाली घ्या. पाच-सहा तारांचा आणि बिनपडद्याचा मोह नंतर. आधी दुकानात नेऊन हातात धरायला लावा. गळ्यात पट्टा अडकवून पंधरा मिनिटं उभं राहता येतंय का बघा, काही वाद्यं पाच किलोच्या घरात जातात. हात लहान असेल तर आखूड मानेची मिळते, तीही चालेल.

अँप आत्ता नकोच. वाद्यात खोचायचा काडेपेटीएवढा हेडफोन अँप मिळतो, तो घ्या. खर्ज भिंतीतून सगळ्यात आधी पलीकडे जातो, मधलं काही अडवत नाही. रियाजाला मेट्रोनोम अर्ध्या गतीवर लावून त्याचा टिक दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर आहे असं धरायला सांगा. पहिली मात्रा त्याने स्वतः शोधायची. आठवड्यात रडकुंडीला येईल, महिन्याभरात ड्रमवाले त्याला शोधत येतील. पहिली धून 'सो व्हॉट'ची. सोपी आहे आणि उत्तर द्यायला घरातलं कोणीही चालतं, दोनच सूर आहेत.